ट्यूब उडाली की बदलायची? सगळ्यात महाग पडणारी मेंटेनन्सची पद्धत



व्यवसायात आपण दोन प्रकारचे खर्च करतो. एक बिलावर दिसतो, दुसरा दिसत नाही. कमर्शियल बिल्डिंगमधल्या लाइटचा खर्च या दुसऱ्या प्रकारात मोडतो. दोन-अडीचशे रुपयांची ट्यूब, त्यात काय हिशोब करायचा, असं वाटतं. माझं स्वतःचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, काउंटरवर हे वाक्य रोज ऐकतो. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. ट्यूब उडाली की माणूस बोलवायचा, ही मेंटेनन्सची सगळ्यात महाग पद्धत आहे. आणि जो तरुण वायरमन किंवा छोटा कॉन्ट्रॅक्टर ही पद्धत बदलून देईल, त्याच्यासाठी इथे वर्षभराचं बांधलेलं काम आहे.

खर्च ट्यूबचा नसतो, फेरीचा असतो

एक उदाहरण घेऊ. तीन मजली कॉम्प्लेक्स आहे. खाली दुकानं, वर क्लास, पार्लर, टेलर, सीएचं ऑफिस. पॅसेज, जिना, पार्किंग आणि टॉयलेट मिळून कॉमन मीटरवर ६० ट्यूब. आकडे मी समजायला सोपे धरतोय, तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

समजा वर्षाला २५ ट्यूब जातात. ट्यूब २२० रुपये, वायरमनची एक फेरी ३०० रुपये. प्रत्येक वेळी वेगळा फोन, वेगळी फेरी:

२५ ट्यूब × २२० = ५,५०० रुपये
२५ फेऱ्या × ३०० = ७,५०० रुपये
एकूण १३,००० रुपये

बघा, मजुरी मालापेक्षा जास्त आहे. आता हेच काम ठरवून करू. दर दोन महिन्यांनी एक फेरी, फेरीचे ५०० रुपये, कारण तो माणूस दोन तास देणार. मधे चार वेळा अर्जंट बोलवावं लागलं असं धरू.

२५ ट्यूब × २२० = ५,५०० रुपये
६ फेऱ्या × ५०० = ३,००० रुपये
४ अर्जंट फेऱ्या × ३०० = १,२०० रुपये
एकूण ९,७०० रुपये

३,३०० रुपये वाचले. फार नाहीत, मान्य. पण अजून उंचीवरच्या लाइटचा हिशोब बाकी आहे.

एंट्रन्सला डबल हाइट आहे, वर आठ लाइट. तिथे घोडी पुरत नाही, परांची लावावी लागते. परांची आणि दोन माणसं मिळून एका वेळचे २,५०० रुपये धरा, लाइट ६०० चा. वर्षभरात पाच लाइट एकेक करून बदलले तर १५,५०० रुपये जातात. एकदाच परांची लावून आठही बदलले तर ७,३०० रुपये. तीन चालू लाइट आपण काढले तरी निम्म्याहून कमी खर्च! आणि ते तीन फेकायचे नाहीत, खालच्या सोप्या जागी वापरायचे.

म्हणून माझा नियम साधा आहे. हात पोहोचतो तिथे फेरीत बदला, परांची लागते तिथे सगळे एकदम बदला.

एलईडीचं गणित वेगळं आहे

पूर्वीच्या फ्लुरोसंट ट्यूब एकाच वेळी बसवल्या असतील तर साधारण एकाच काळात जायला लागायच्या. त्यामुळे मोठ्या कंपन्यांत आयुष्य संपत आलं की पूर्ण मजला एकदम बदलायची पद्धत होती. एलईडीत तसं होत नाही. बॉक्सवर २५,००० तास लिहिलेले असतात. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३,६०० तास होतात, म्हणजे जवळपास सात वर्षं. पण हे तास ट्यूब बंद पडण्याचे नसतात. प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. त्याला एल-७० म्हणतात.

प्रत्यक्षात आधी जातो तो ड्रायव्हर. बंद फिटिंगमधली उष्णता, व्होल्टेजचे झटके, हलक्या दर्जाचे पार्ट, ही त्याची कारणं. म्हणून पहिली काही वर्षं सुटी-सुटी बदली आणि पुढे प्रकाश मंदावला की मजल्यागणिक बदली, असा प्लॅन एलईडीला बरा पडतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एकाच जागेवरची ट्यूब वर्षात तीनदा गेली, तर चौथी बसवू नका. आधी तिथलं कनेक्शन आणि व्होल्टेज तपासा. थ्री फेज बिल्डिंगमध्ये न्यूट्रल ढिला असेल तर एखाद्या फेजवर व्होल्टेज २३० च्या बरंच वर जातं आणि नुसते लाइटच नाही, कॉम्प्युटर आणि फ्रीजही जातात. हे शोधून देणारा वायरमन गिऱ्हाईक कधी सोडत नाही.

जुनी पट्टी अजून असेल तर

बऱ्याच जुन्या इमारतींत ३६ वॅटची ट्यूब आणि कॉपर चोक अजून आहेत. दोन्ही मिळून साधारण ४५ वॅट खातात. त्या जागी २० वॅटची एलईडी आली तर २५ वॅट वाचतात. ३,६०० तासांना ९० युनिट. युनिट १२ रुपये धरलं तर एका ट्यूबमागे वर्षाला १,०८० रुपये. ६० ट्यूबचे ६४,८०० रुपये! इथे ट्यूब उडायची वाट बघणं म्हणजे चालू ट्यूबसाठी पैसे भरत राहणं. सगळ्या एकदम बदला.

तसंही २०२३ साली मिनामाता करारातल्या देशांनी सर्वसाधारण वापराच्या फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरवलं आहे. भारत या करारात आहे. तेव्हा जुन्या मालाचा साठा करून ठेवण्यात अर्थ नाही.

बदलताना दोन काळज्या घ्या. काही एलईडी ट्यूबला सप्लाय एका टोकाकडून लागतो, काहींना दोन्ही टोकांकडून. एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही प्रकार मिसळू नका आणि वायरिंग बदलल्यावर पट्टीवर तसं स्टिकर लावा. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. दुसरं, जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या फोडून कचऱ्यात टाकायच्या नाहीत. ई-कचऱ्याच्या नियमांत त्या येतात, अधिकृत रिसायकलरकडेच द्या.

यात तुमचा व्यवसाय कुठे आहे?

गाळेधारक संघाच्या सेक्रेटरीला लाइटमध्ये रस नसतो. त्याला फोन नको असतात. तुम्ही त्याला ट्यूब विकू नका, वर्षाची जबाबदारी घ्या. सुरुवात अशी करा:

१. पूर्ण बिल्डिंग फिरा. कुठे कोणता लाइट, किती वॅट, किती उंचीवर, एका वहीत लिहा.
२. नवीन ट्यूब बसवताना तिच्या टोकाला मार्करने तारीख लिहा. बऱ्याच ब्रँडेड ट्यूबवर एक-दोन वर्षांची वॉरंटी असते. पण बिल सापडत नाही आणि बसवल्याची तारीख आठवत नाही, म्हणून लोक ती वापरतच नाहीत. बिलांची फाइल तुम्ही ठेवा.
३. एकच ब्रँड, एकच रंग ठरवा. एक पांढरी, एक पिवळसर, असा पॅसेज बरा दिसत नाही. दहा टक्के स्पेअर माल तिथेच कपाटात ठेवा.
४. प्रत्येक फेरीत पट्ट्या आणि कव्हर पुसा. आधी मेन बंद, मग फडकं. धुळीने प्रकाश कमी होतो आणि लोक उगाच जास्त वॅटची ट्यूब मागतात.
५. पहिल्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट फक्त मजुरीचं करा, माल वेगळा लावा. त्या बिल्डिंगमध्ये वर्षाला किती लाइट जातात हे तुम्हाला अजून माहीत नसतं. वहीत वर्षभराचा आकडा आला की दुसऱ्या वर्षी मालासकट रेट द्या.

माझे काही दुकानदार मित्र म्हणतात, "असं शिकवलंस तर काउंटरवरची विक्री कमी होईल." होईल थोडी. पण सुट्या ट्यूबमागे सुटतात किती? दहा-वीस रुपये. त्यापेक्षा दहा बिल्डिंगचा माल वर्षभर माझ्याकडूनच जाणार असेल, तर मला तो धंदा जास्त पक्का वाटतो. वायरमनलाही तेच. महिन्याच्या सुरुवातीला किती काम हातात आहे हे माहीत असेल, तर हाताखाली एक पोरगा ठेवता येतो.

आणि या सगळ्यात ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, त्याला कोणी विचारतच नाही. पहिल्या मजल्यावर पार्लर चालवणारी ताई भाडं भरते, मेंटेनन्स भरते. जिन्यातला लाइट आठ दिवस बंद असेल तर संध्याकाळची गिऱ्हाइकं खालूनच परत जातात. तिच्या त्या आठ दिवसांच्या धंद्यापुढे २२० रुपये काहीच नाहीत. संघाच्या मीटिंगमध्ये कॉन्ट्रॅक्टचा विषय काढाल तेव्हा वाचणारे पैसे जरूर सांगा, पण त्याआधी सेक्रेटरींना संध्याकाळी सात वाजता जिन्यातून एक चक्कर मारायला घेऊन जा.

या रविवारी तुमच्या ओळखीची एक बिल्डिंग निवडा, वही घ्या आणि लाइट मोजा. कोटेशन त्यानंतर.