तार आणि तादात्म्य

आमच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची प्रचंड खाण आहे. ज्या धातूच्या तारांनी मनुष्याचा शब्द प्रथम जगभर धावू लागला, त्याच्याशी आमचे असे निकटचे नाते! तेव्हा विज्ञान साऱ्या मानवजातीचे एक मन घडवील काय, हा प्रश्न आम्हांस परका नाही.

१८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी तार पडली, तेव्हा राष्ट्राराष्ट्रांतील वैर आता संपणार, असे अनेकांस वाटले. ती तार काही आठवड्यांतच मुकी झाली. १८६६ साली टिकाऊ तार पडली खरी. परंतु २८ जुलै १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले, ते तारेनेच! यंत्र निरोप नेते. तो मैत्रीचा की वैराचा, हे मनुष्याने ठरवावयाचे. आजच्या मोबाइलचीही गोष्ट निराळी नाही.

आमची मातृभाषा कोंकणी. घरी आम्ही 'उदक' म्हणतो, वर्गात 'पाणी' शिकवितो. याच जिल्ह्यात गोंडी बोलणारी मुले आहेत. त्यांच्या घरी पाण्याला काय म्हणतात, हे आम्ही कित्येक वर्षे विचारलेही नव्हते, हे कबूल करताना संकोच वाटतो. जगाची वार्ता ठाऊक आणि शेजारच्या बाकावरील मुलाची बोली मात्र परकी, तर ते विश्वमन कसले?

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी अवघ्या विश्वासाठी पसायदान मागितले, तेव्हा तार नव्हती. विद्यार्थी मित्रहो, यंत्रे अवश्य वापरा. परंतु उद्या वर्गात आल्यावर शेजाऱ्याला त्याच्या बोलीतील एक शब्द आधी विचारा.