खडक जागेवर राहिला म्हणून

दिल्लीच्या ईस्ट ऑफ कैलाशमध्ये घर घ्यायचे तर आज कोटींचा हिशेब मांडावा लागतो. १९६६ साली मात्र या भागात, कालकाजी मंदिराजवळच्या बहापूरला, अरवलीचे उघडे खडक होते आणि आसपास नवी वसाहत उभी राहत होती. बांधकामाच्या एका ठेकेदाराला तिथल्या खडकावर अक्षरे दिसली. ब्राह्मी त्याला येत असण्याचे काही कारण नव्हते. पण हे टाकीचे नुसते ओरखडे नाहीत, एवढे त्याने ओळखले. जाणकारांनी पाहिले तेव्हा तो निघाला सम्राट अशोकाचा लघुशिलालेख.

खडक कलता आणि खडबडीत आहे. त्यावरच्या दहा ओळींपैकी कुठली लांब, कुठली आखूड. राजाज्ञेचा डौल त्यात शोधूनही सापडत नाही. मजकूरही तसा घरगुतीच. उपासक होऊन अडीच वर्षे झाली, सुरुवातीला फारसा जोर लावला नाही, संघाच्या जवळ आल्यावर मात्र नेटाने प्रयत्न केले, असे सम्राट स्वतःच सांगतो. प्रयत्नांचे हे फळ थोरांनाच मिळते असे नाही, धडपड केली तर लहान माणसालाही मिळते, असेही पुढे बजावतो.

अशोकाचे लेख दिल्लीत त्याआधीही होते, दोन स्तंभांवर. पण ते स्तंभ मूळचे इथले नव्हेत. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने एक टोपऱ्याहून आणि दुसरा मेरठहून आणवला. टोपऱ्याचा स्तंभ सावरीच्या कापसावर अलगद आडवा केला, बोरू आणि कातड्यांत गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला आणि यमुनेतून नावांवरून दिल्लीला नेला. एवढा खटाटोप करूनही त्यावर काय लिहिले आहे ते सुलतानाला कोणी वाचून दाखवू शकले नाही. लोक त्याला भीमाची काठी म्हणून मोकळे झाले. जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली १८३७ साली!

म्हणूनच मौर्यकाळातल्या दिल्लीविषयी ते स्तंभ काहीच सांगत नाहीत. ते तुघलकाच्या हौसेविषयी सांगतात. बहापूरचा खडक जागचा हललेला नाही. वाचायला माणसेच नसतील तिथे राजा लेख कशाला कोरेल? तेव्हा त्या काळी इथे वस्ती किंवा वर्दळीची वाट असणार, हा तर्क त्या ओबडधोबड खडकाच्या जोरावरच करता येतो.

महाराष्ट्रात याची उलटी बाजू दिसते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. वस्तू अशा की जगातल्या कुठल्याही संग्रहालयाने मिरवाव्यात. पण पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात त्या थरासकट हाती आल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही; नांगराला आणि कुदळीला थर कळत नाहीत.

क्वचित वस्तूच आपले गाव सांगते. भीमाशंकरच्या घंटेवर क्रॉस आहे आणि १७२९ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देवळादेवळांत गेल्या, हे माहीत असले की कोडे सुटते. असे नशीब सगळ्या वस्तूंना लाभत नाही.

नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद इथे आज रात्रंदिवस जेसीबी चालतात. पुण्या-नागपुरातही तेच. पायाच्या खड्ड्यात काही दिसले तर ते उचलू नये, धुऊ तर नयेच. आहे तिथेच त्याचा फोटो काढावा आणि कळवावे. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. त्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडले तर त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे.