प्रतवारी करावी काय?

पारखीचे मोल व्यापाऱ्यास सांगावयास नको. अमेरिकेत अशीच पारख बेसबॉलपटूंच्या जुन्या चित्रांकित कार्डांची होते. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेले होनस वॅग्नर यांचे कार्ड त्यांत अत्यंत दुर्मिळ मानले जाते. पीएसए, एसजीसी यांसारख्या संस्था शुल्क घेऊन कार्डाचे कोपरे, कडा व पृष्ठभाग तपासतात आणि १ ते १० पैकी अंक देऊन ते पारदर्शक वेष्टनात बंद करतात.

तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांपैकी कोणापाशी असे कार्ड आले, तर प्रतवारी करावी काय? विकावयाचे असेल, ग्राहक अनोळखी असेल आणि शुल्क वजा जाता लाभ उरत असेल, तर अवश्य करावी. केवळ हौसेने जपावयाचे असल्यास तो खर्च व्यर्थ होय. कमी अंकाचे भयही नसावे. २ अंकाचे वॅग्नर कार्ड २०२२ साली ७२.५ लक्ष डॉलरला विकले गेले.

परंतु प्रमाणपत्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. पीएसएने १९९१ साली प्रथमच प्रतवारी करून ८ अंक दिलेले वॅग्नर कार्ड आपण कडा कापून सुबक केले होते, अशी कबुली एका लिलावदाराने २०१३ साली दिली. आपल्या तत्त्वार्थसूत्रात प्रतिरूपकव्यवहार हा अचौर्यव्रताचा अतिचार गणला आहे. म्हणून आमचे मत असे की, अंक कितीही मोठा असो, ज्ञात दोष विक्रेत्याने स्वमुखाने सांगावा. पेढीची पत वेष्टनावरील अंकाने नव्हे, त्या शब्दाने टिकते.