बागुलबुवाच्या गळ्यात स्टेथोस्कोप

"उगा राह्य, नाहीतर डाक्टरले सांगून सुई टोचाले लावतो!"

हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. एसटी स्टँडवर ऐका, आठवडी बाजारात ऐका, नाहीतर आमच्याच घरच्या लग्नात. पूर्वी बागुलबुवा होता, आता आपण त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलाय.

मला हे अजिबात पटत नाही. यातून पोर एवढंच शिकतं की सुई म्हणजे शिक्षा. तान्हेपणीच्या सुया विसरल्या जातात. पण डीपीटीचा दुसरा बूस्टर येतो 5 ते 6 वर्षांच्या दरम्यान, म्हणजे सगळं लक्षात राहायच्या वयात. आणि शिक्षा टाळायला पोर काय करणार? दुखणंच लपवणार. कान ठणकत असला तरी "काही नाही झालं" म्हणणार. मला खरी काळजी याची वाटते.

उपाय घरातच आहे. भातुकलीत एक दवाखाना काढा. औषध पाजायचा ड्रॉपर, चिंधीची पट्टी आणि तापलेली बाहुली, झालं! पोराला डॉक्टर करा, तुम्ही बाहुलीची आई व्हा. खऱ्या दवाखान्यात त्याला कोणी काही विचारत नाही. इथे सुई कुठे टोचायची, किती वेळा, सगळं तोच ठरवतो. माझी चार वर्षांची भाची बाहुलीला सांगते, "मुंगी चावल्यावानी दुखते, मंग राह्यते." यापेक्षा खरं कोण सांगणार?

जर्मनीत तर वैद्यकीयचे विद्यार्थी 'टेडी बेअर हॉस्पिटल' भरवतात. मुलं आपलं आजारी अस्वल घेऊन येतात आणि त्याची तपासणी बघतात. आपल्याकडे अंगणवाडीत लसीकरणाच्या आदल्या दिवशी असा तासभर खेळ घ्यायला काय खर्च येतो?

आणि हो, "काहीच दुखणार नाही" असंही सांगू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली लस देतानाच्या वेदनांबद्दल सूचना काढल्या, त्यातही खोटा दिलासा नको असंच म्हटलंय. एकदा खोटं पकडलं की पोर पुढच्या वेळी आपलंही ऐकत नाही.

तेव्हा मावश्या, आत्या, काकांनो, पोरांना दुसरं काहीही म्हणून गप्प करा. डॉक्टरला तेवढं यातून सोडा. आजारपणात आपल्याला त्यांच्याच दारात जायचंय.