चालू ॲप टिकलं, नवं सुरूच होईना: ॲमेझॉनच्या बिघाडातून काय शिकायचं?

२० ऑक्टोबर २०२५ आठवतोय? ऐन दिवाळीत, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास स्नॅपचॅट, सिग्नल, रोब्लॉक्स असे ॲप्स गंडायला लागले. अशा वेळी आपण काय करतो? फोन रीस्टार्ट करतो, ॲप काढून परत टाकतो. पण दोष फोनचा नव्हताच.

नेमकं काय झालं?

बिघाड अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये होता. तिथल्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचा डीएनएस पत्ता आपोआप अपडेट होतो. त्यात गडबड झाली आणि पत्त्याची नोंद चक्क रिकामी झाली. डेटाबेस जागेवर होता, पण तिथपर्यंत पोहोचता येईना.

आपल्याकडे दुपारचे तीन वाजेपर्यंत पत्ता परत आला. तरी त्रास संपला नाही. आधीपासून चालू असलेले सर्व्हर ठीक होते, नवे मात्र सुरूच होईनात. ते पूर्ववत व्हायला रात्रीचे दोन वाजून गेले.

माझंही असंच झालं होतं

इंजिनिअरिंगला असताना कॉलेज फेस्टच्या नोंदणीचं ॲप मी बनवलं होतं. लॅपटॉपवर मस्त चालायचं. नोंदणीच्या आदल्या रात्री क्लाउडवर टाकलं, तर नुसती एरर! तीन तास मी परत परत डिप्लॉय करत बसलो. शेवटी लॉग उघडला. कोडमध्ये मी पोर्ट ३००० पक्का लिहिला होता आणि क्लाउड दुसऱ्याच पोर्टवर उत्तराची वाट बघत होता. उत्तर आलं नाही की ॲप बंद करत होता. पोर्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतला, एका ओळीत विषय संपला.

सुरू होताना ॲपला सगळं नव्याने लागतं: पोर्ट, डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड. यातलं एक जरी मिळालं नाही, तरी गाडी तिथेच अडते. माझ्या ॲपचं तेच, ॲमेझॉनचंही तेच.

मग करायचं काय?

ॲप बनवत असाल तर आधी लॉग वाचा, मग रीस्टार्ट करा. पत्ते आणि पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. नवी आवृत्ती हेल्थ चेक पास होईपर्यंत जुनी बंद करू नका.

नुसतं वापरत असाल तर ॲप अडलं म्हणून लगेच लॉगआउट करू नका. चालू लॉगिन कदाचित टिकेल. नवं लॉगिन म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि बिघाडात नेमकी तीच अडते.