वाफेचे इंजिन आणि वाफेचा देखावा

राजस्थानातील मारवाड-खामलीघाट आणि गुजरातेतील एकतानगर-अहमदाबाद या दोन मार्गांवरील ‘वारसा’ गाड्यांना २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात हिरवे निशाण दाखविण्यात आले. दोहोंची इंजिने दिसावयास वाफेची. परंतु पहिले डिझेलवर चालते आणि दुसऱ्यास विजेने गती मिळते. प्रवाशांची करमणूक होत असेल तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. आमचा आक्षेप करमणुकीस नाही. तिला वारसा म्हणण्यास आहे.

वारसा म्हणजे धुराड्याचा आकार नव्हे. वाफेचे इंजिन कळ दाबताच सुरू होत नाही. गाडी सुटण्यापूर्वी कित्येक तास आग पेटवावी लागते. बॉयलरमधील पाण्याच्या पातळीवरून नजर हलवून चालत नाही. चढावर कोळसा केव्हा व किती टाकावा, हे फायरमनला इंजिनाच्या आवाजावरून उमगावे लागते. ही विद्या केवळ पुस्तकातून येत नाही. ती जाणत्याच्या हाताखाली राबूनच साध्य होते. चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेची इंजिने बांधणे १९७२ साली थांबविले. ब्रॉडगेजवरील त्यांची नियमित वाहतूक १९९५ साली संपली. त्या वेळी तिशीत असलेला फिटर आज साठी गाठून निवृत्त झाला आहे. विलंबास वाव किती उरला आहे, हे यावरून कळावे.

ही विद्या टिकविता येते, याचा पुरावा आपल्या घरीच आहे. १८५५ साली लीड्स येथे बांधलेले ‘फेअरी क्वीन’ १९९७ साली सहलींसाठी पुन्हा धावू लागले. २०११ साली त्याचे सुटे भाग चोरीस गेल्याचे उघडकीस आले. तथापि पेरांबूरच्या कारखान्यात त्याची दुरुस्ती झाली व २०१७ साली ते पुन्हा रुळांवर आले. १८८१ सालच्या दार्जिलिंग रेल्वेस युनेस्कोने १९९९ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दार्जिलिंग-घूम या सहलीच्या फेऱ्यांसाठी तेथे वाफेची इंजिने राखलेली आहेत.

धूर, वणव्याची भीती व दुरुस्तीचा खर्च या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच रोजच्या वाहतुकीत वाफ परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. मोजक्या मार्गांवर, नेमलेल्या दिवशी खरे इंजिन चालावे, आणि रेवाडीच्या शेडमध्ये व तिनधारियाच्या कारखान्यात काही तरुणांना दरवर्षी जुन्या कारागिरांच्या हाताखाली द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे. मुंबईकरांनाही हा प्रश्न परका नाही. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावरील वाफेची इंजिने केव्हाच निवृत्त झाली आहेत. उद्या तेथे खरी वाफ आणावयाचे ठरले तरी ती हाताळणारी माणसे आधी हवीत.

मुखवटे चढविलेल्या गाड्या रेल्वेने खुशाल चालवाव्यात; मात्र त्यांच्या शेजारी ही शिकवणी सुरू न करता वारसा जपल्याचे श्रेय तिने घेऊ नये.