सहा किलोची स्प्रिंग आणि आई

त्या रविवारी आई एसटीनं वाईला गेली.

आता यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. वाई तिचं माहेर. तिथे माझी मावशी एकटीच राहते आणि दर दुसऱ्या रविवारी मी आईला गाडीनं घेऊन जायचं, हे घरात ठरलेलं. सकाळी साडेसहाला मी किल्ली घेऊन खाली उतरलो, तर बायको गॅलरीतून ओरडली, ‘अरे, त्या कधीच गेल्या! रिक्षानं स्वारगेटला.’ फोन लावला. ‘तू झोप रे, आठवडाभर ऑफिस असतं तुला,’ असं गोड उत्तर आलं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. वर जाऊन मस्त झोपलो.

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. त्यानंतरच्या खेपेला मात्र तिला माझ्याबरोबर यावंच लागलं, कारण मावशीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आणायचं होतं. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांसाठी मी आईची पर्स उघडली आणि आत पेनकिलरची पट्टी दिसली. सहा गोळ्या संपलेल्या.

‘हे काय?’

‘काही नाही रे. गाडीत बसायचं असलं की आधीच एक घेते. मग त्रास होत नाही.’

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला म्हणून मी पुढे निघालो. वाई येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. आईच्या मणक्याची झीज आहे, कमरेला पट्टा असतो, हे मला माहीत होतं. पण ही गोळी एसटीसाठी नव्हती, बरं का. एसटीत तिला लागतच नव्हती. ती माझ्या गाडीसाठी होती. माझ्या हातानं बनवलेल्या, बोनसचे सगळे पैसे घातलेल्या, जिच्याबद्दल मी ऑफिसच्या कँटीनमध्ये तासन् तास बोलायचो, त्या कॉइलओव्हर सस्पेन्शनसाठी.

तर थोडं मागे जाऊ. 2017 ची दिवाळी. माझी गाडी 2005 ची बलेनो. आजची हॅचबॅक नव्हे, तिच्या आधीची सेडान. वजन हजार किलोच्या आत आणि चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 1940 च्या दशकात ही जोडणी आखली. शॉकअप मध्ये, स्प्रिंग त्याच्याभोवती. म्हणजे तसं बघितलं तर कॉइलओव्हर काही परग्रहावरून आलेलं नाही. फरक इतकाच की साध्या स्ट्रटवर स्प्रिंग जिच्यावर बसते ती बशी वेल्ड केलेली असते. कॉइलओव्हरमध्ये ती आट्यांवर फिरते. बशी खाली घेतली की गाडी खाली, वर घेतली की वर. शिवाय डँपरला एक नॉब, तो फिरवला की क्लिक, क्लिक, क्लिक. त्या आवाजाचीच नशा असते हो!

बाहेरून तयार किट मागवायची ऐपत नव्हती, म्हणून घरचा उद्योग. नाना पेठेतून जुने स्ट्रट उचलले. माझ्या गॅरेजवाल्या उस्तादांनी ग्राइंडरनं बश्या उडवल्या. लेथवाल्याकडून आटे पाडलेली स्टीलची बाही करून घेतली, आत ॲडजस्टेबल डँपर, वर अडीच इंच आतल्या व्यासाची सरळ स्प्रिंग. (एक फुकटचा सल्ला: आट्यांना ग्रीस फासायला विसरू नका. पुण्याचा एक पावसाळा त्या आट्यांत शिरला की सी-पान्यावर चारजण लटकले तरी रिंग हलत नाही.)

स्प्रिंग घेतली पुढे सहा किलोची, मागे चारची. सहा किलो म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला सहा किलो वजन लागतं. सहाच का? कारण मित्राच्या गाडीत पाचची होती. बस्स, एवढाच अभ्यास! उस्ताद म्हणाले, ‘साहेब, घरचे बसतात ना हिच्यात?’ मी हसलो. गाडी 50 मिलिमीटर खाली घेतली, डँपर पार आवळून फक्त तीन क्लिक सोडले आणि निघालो.

आणि सांगतो, भारी वाटायचं. चांदणी चौकाच्या वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी जायची. सिग्नलला पोरं काच खाली करून विचारायची. टायर आणि मडगार्डमध्ये जेमतेम दोन बोटं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये तर मी उगाचच लांबून चालत यायचो, ती तशी उभी दिसावी म्हणून.

आई मागे बसायची. सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर आला की आधीच दोन्ही हातांनी पुढची सीट धरायची. मी आरशात बघायचो. बघायचो, पण मला दिसायचं नाही.

त्या टोलनाक्यानंतर, मावशीचं ऑपरेशन पार पडल्यावर, एका रात्री लॅपटॉप उघडून एक्सेल शीट मांडली. दिवाळीआधी करायला हवी होती ती. हिशेब अवघड नाही. स्प्रिंगवर ठेवलेली गाडी म्हणजे झोपाळा. तिची स्वतःची एक लय असते, आणि ती स्प्रिंगचा कडकपणा आणि तिच्यावरचं वजन यांवरून ठरते. साध्या फॅमिली गाडीची लय सेकंदाला साधारण एक ते दीड झोके. माझी पुढे निघाली जवळजवळ 2.4, मागे त्याहून थोडी जास्तच. रेसच्या गाडीला शोभेल अशी. बसलेल्या माणसाचं शरीर वरखाली धक्क्यांना सगळ्यात जास्त दुखावतं ते सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. म्हणजे कंपनीनं जे अंतर राखलेलं असतं, ते मी पैसे देऊन कमी करून घेतलं होतं.

त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या रकान्यात होती. मागच्या एका स्प्रिंगवर रिकाम्या गाडीचं वजन येतं साधारण 165 किलो. चार किलोची स्प्रिंग एवढ्या वजनानं दबणार फक्त 41 मिलिमीटर. म्हणजे खड्डा आला की चाक 41 मिलिमीटर खाली जाणार आणि पुढे स्प्रिंगचा जोरच संपला. गाडी खाली घेताना मी बशी उतरवली होती, त्यामुळे वर जायची जागाही आखडलेली. स्पीडब्रेकरवर शॉकअप थेट रबरी स्टॉपवर आदळायचा. बरं, स्पीडब्रेकर तरी धड? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि चांगला 3.7 मीटर रुंद असतो. आमच्या गेटवरचा उंचीला तेवढाच, रुंदीला मात्र पाटाएवढा.

आणखी एक गंमत. मॅकफर्सनची गाडी फार खाली घेतली की वळणावर ती सुधारेलच असं नाही. खालचे आर्म वरच्या दिशेनं तिरके होतात. ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली घसरतो. म्हणजे कलायला उलट जास्तच तरफ मिळते, आणि ते लपवायला आणखी कडक स्प्रिंग लागते. मी लपवत होतो.

दुसऱ्या दिवशी उस्तादांकडे गेलो. ते काही बोलले नाहीत. चहा मागवला. मी म्हटलं, पुढे तीनची, मागे अडीचची. ‘आणि उंची?’ ‘मूळपेक्षा 20 मिलिमीटर खाली, बस्स.’ त्यांनी मान हलवली. त्यांच्या लेखी ते भाषणच.

मागे अडीचच का, याला मात्र या वेळी कारण होतं. मॉरिस ऑली नावाचा एक इंग्रज इंजिनिअर 1930 च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकच्या गाड्यांवर काम करायचा. त्यानं एका मोठ्या लिमोझिनला मागेपुढे हलवता येणारी वजनं लावली, स्प्रिंगा बदलत राहिला आणि माणसं बसवून बघत राहिला. त्यातून कळलं ते असं: उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला नंतर. मागची लय पुढच्यापेक्षा जरा जलद असली की मागचा भाग पुढच्याला गाठतो, आणि गाडी नाक खाली-शेपूट वर करत बसण्याऐवजी सपाट वरखाली होते. माझ्या नव्या हिशेबात पुढे आले 1.7 झोके. मागे रिकामी गाडी 1.9, आई एकटी बसली की 1.8, मावशीही बसली की बरोबर 1.7. हा अख्खा रकाना मी त्या दोघींच्या वजनावरून मांडला होता. आईला वजन विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘तुला काय करायचंय?’

स्प्रिंग बदलणं एका दिवसाचं काम. खरा वेळ खातं ते ट्यूनिंग. नियम सोपे आहेत आणि ते पाळायला जाम कंटाळा येतो. सकाळी टायर थंड असताना हवा तपासायची. उंची जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायची. क्लिक नेहमी पूर्ण आवळलेल्या बाजूनं मोजायचे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि तो एक गैरसमज: बशी वर फिरवली की स्प्रिंग ‘कडक होते’. अशा जोडणीत नाही होत हो! तिच्यावरचं वजन तेच, म्हणून ती दबणारही तेवढीच. गाडी फक्त वर येते.

रस्ताही ठरवला. सोसायटीचं गेट, पौड रोड, चांदणी चौक, हायवेनं खेड शिवापूर आणि परत. मागच्या सीटवर आई. मांडीवर पोहे नेलेला डबा, हातात माझी वही. मी तिला म्हटलं, जे वाटेल ते सांग, मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस.

मंडळी, मी इंजिनिअर आहे. पण मला येत होते दोनच शब्द: ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’. आईकडे शब्दांचा अख्खा डबा निघाला.

‘आदळतेय,’ म्हणजे शॉकअप स्टॉपपर्यंत पोचतोय. ‘डचमळतेय,’ म्हणजे उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलतेय, डँपर फार सैल. ‘बसते आणि उठतच नाही,’ हे ती पौड रोडवर ओळीनं आलेल्या खड्ड्यांवर म्हणाली तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. कारण ते अगदी बरोबर होतं. रिबाउंड फार आवळलेलं असलं की दबलेली स्प्रिंग पुढचा खड्डा यायच्या आत उलगडत नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी आणखी खाली बसत जाते. बहुतेक एका नॉबच्या डँपरमध्ये नॉबचा मुख्य परिणाम या रिबाउंडवरच होतो. मी दोन क्लिक सोडले. ‘आता?’ ‘आता उठते. पण मग डचमळते थोडी.’ एक आवळला. ‘हं.’

असे चार रविवार गेले. पुढे नऊ क्लिक, मागे अकरा. चांदणी चौकात गाडी आता थोडी कलते. सिग्नलला कोणी विचारत नाही. मडगार्डमध्ये अख्खी मूठ जाते, आणि पार्किंगमध्ये लांबून चालत यावं असं तिच्यात काही उरलेलं नाही, हे थोडं टोचतंच. पण खंबाटकीच्या घाटात मी पूर्वीपेक्षा खरंच बरा वेग ठेवू शकतो, कारण चाकं आता रस्त्यावर टिकतात, उडत नाहीत.

ज्यांचे हात शिवशिवायला लागलेत त्यांना दोन कोरड्या सूचना. चाक पूर्ण लोंबकळतं तेव्हा ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे गाडी जॅकवर असतानाच बघा. आणि नोंदणीतली माहिती मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाही असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंदी आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलम कडकपणे वाचलंय. तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना आधी विचारा. आपल्या ग्राइंडरचा आवाज झाल्यावर नको.

ट्यूनिंग संपल्यावर आम्ही पहिल्यांदा वाईला निघालो तो ऑगस्टचा रविवार होता. रस्ता नेहमीसारखाच धुपलेला. खेड शिवापूरला मी स्वतःच आईची पर्स मागितली. सुट्टे माझ्याकडे होते, हे तिला माहीत होतं. तिनं काही न बोलता दिली. पट्टी तशीच होती, सहा गेलेल्या, चार शिल्लक.

शिरवळ गेल्यावर मागून काही आवाज येईना, म्हणून आरशात पाहिलं. डोळे मिटलेले, मान खिडकीला टेकलेली. मी रेडिओ बारीक केला.

‘झोपले नाहीये,’ ती म्हणाली. ‘मागे डावीकडे टकटक होतंय. ऐकतेय.’

‘काही होत नाहीये आई.’

‘होतंय.’

सोमवारी उस्तादांनी गाडी वर घेतली. मागच्या डाव्या स्ट्रटची लॉक रिंग अर्धा आटा सैल झाली होती.